बाटलीतला ऊस

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि भाड्याच्या एका खोलीत एकटी राहत होते. माझं लग्नाचं वय उलटलं असं गावात बोललं जाई. गाव कोरेगावजवळ. तिथे माझे वडील, आबा, फौजेतून परतल्यावर ऊस करत. आई गेल्यापासून आम्हा बापलेकीत बोलणं असं उरलंच नव्हतं. “जेवलीस का?” आणि “कवा जाणार?” एवढ्यावर माझी सुट्टी निघून जायची.

कॉलेजात परदेशातलं एक शास्त्रीय मासिक येई, बोटीनं, चांगलं शिळं होऊन. त्यात एकदा वाचलं, की उसाच्या कोवळ्या पानाचा तुकडा बाटलीत योग्य खुराकावर ठेवला, तर त्याच्या पेशींतून अख्खं रोप उभं राहतं. कांडी नको, कांडीवरचा डोळा नको. एवढ्याशा पेशीला सगळा ऊस पाठ असतो! मी वाचता वाचता उठून उभी राहिले. मग लक्षात आलं, हे सांगावं असं आपल्याला कुणी नाही. विभागप्रमुखांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, “बाई, सांगलीत उसाला काय तोटा आहे?” आणि चहा पिऊ लागले. मला असा राग आला, की मी तो ऊस करायचाच असं ठरवलं.

आबांच्या शेतातला एक वाढा, म्हणजे उसाचा शेंडा, पिशवीत घालून आणला. मुरंब्याच्या बाटल्या प्रेशर कुकरात उकळून घेतल्या. खुराकात नारळाचं पाणी लागे, म्हणून नारळ फोडायचे आणि खोबरं संध्याकाळी भाकरीशी खायचं. पी हळद अन् हो गोरी असला हा धंदा नव्हे. बाटलीमागून बाटली बुरशीनं गेली. रविवारी सगळं कॉलेज ओस पडे आणि मी त्या बाटल्यांशी बोलत बसे. कुणी ऐकलं असतं तर घरी कळवलं असतं.

अखेर एका बाटलीतल्या पिवळट गोळ्यावर हिरवं टोक आलं. मग पानं, मग केसासारखी मुळं. ते रोप मला एकाच माणसाला दाखवायचं होतं. संक्रांतीनंतर एस.टी.नं निघाले, बाटली मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, “लोणचं हाय व्हय?” मी हो म्हटलं.

आबांनी बाटली उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली.

“तुमच्याच रानातला आहे, आबा. मी केलाय.”

“तू केलास?” एवढंच म्हणाले. पण बाटली त्यांनी देवळीत, आईच्या फोटोशेजारी ठेवली. हे रोप आधी कुंडीत, सावलीत, काच झाकून जपायचं असतं. ते सकाळी सांगू म्हटलं आणि कितीतरी दिवसांनी निवांत झोपले.

सकाळी बाटली रिकामी. मी रानात धावले. पहाटे पाण्याची पाळी आली होती आणि उसाची लागण सुरू होती. आमच्याकडे सरीत पाणी सोडतात, कांडी आडवी ठेवतात आणि टाचेनं चिखलात दाबत पुढे जातात.

“पैला मान तुज्या उसाला दिला बग,” आबा लांबूनच म्हणाले. पहिल्या सरीच्या तोंडाशी त्यांनी हळदकुंकू वाहिलं होतं, नारळ फोडला होता. रोप आडवं घालून, टाचेनं नीट दाबलेलं.

“मारलंत तुम्ही त्याला! उभं लावायचं होतं ते!”

“ऊस कुणी उभा लावतं व्हय?” ते हसले. मग माझं तोंड पाहिलं आणि हसू विरलं. मी दुपारच्याच गाडीनं परत निघाले. ते स्टँडवर आले, पण “कवा येणार?” हे काही त्यांना विचारता आलं नाही.

मी बरेच महिने गेले नाही. मग दसऱ्याला गेले. ऊस डोक्यावर गेला होता. पहिल्या सरीच्या तोंडाशी मात्र वीतभर जागा मोकळी. लागणीत न उगवलेल्या जागेला नांगी म्हणतात, आणि नांगी भरल्याशिवाय आबांना घास गोड लागत नसे. गडी म्हणाला, “मी रोप घिऊन गेलतो, ताई. आबांनी लावू दिलं न्हाई.” पुढच्या वर्षी तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून खोडवा आला, तरी ती जागा तशीच.

दुसरं रोप साधायला मला फार वेळ लागला. या वेळी कुंडीत जपून, दांडगं करून नेलं. आबा मला थेट त्या नांगीपाशी घेऊन गेले. चपला बांधावर काढल्या, हात पाटात धुतले आणि रोप दोन्ही हातांत घेऊन खाली बसले.

उसाबद्दल आबांनी कुणाला काही विचारलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

“कसा लावायचा, पोरी?” ते म्हणाले. “तू सांग, तसा लावतो.”

“उभा, आबा,” मी म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी मातीत बसले.