गौतमची तांब्याची नळी

फोन आला तेव्हा मी सोनपेठला एका जुन्या जीपचा सौदा करत होतो. समोरचा माणूस आता उतरणार, असं दिसत होतं. तेवढ्यात सुमनवहिनींचा आवाज आला, "भाऊजी, हे गेले..." शेडमध्ये बसल्या जागीच गौतमचं हृदय थांबलं होतं. सौदा तसाच टाकून मी परभणीकडे निघालो. रस्ताभर मला रडू आलं नाही, राग आला. आमचं एक भांडण अर्धवट होतं आणि ते न मिटवताच तो निघून गेला होता.

गौतम आयटीआयत मोटार मेकॅनिकचा शिक्षक. निवृत्तीनंतर झरीच्या रस्त्याला त्यानं पत्र्याची शेड टाकली. मी जुन्या गाड्या घेणारा-विकणारा. ज्या मालकांचे ट्रक धुवून मी वर आलो, ते आजही दुपारी नव्या गाडीतून झरीकडच्या शेतावर जातात. एकदा तरी त्यांच्या पुढे निघायचं, एवढी माझी हौस. माझी पेट्रोल गाडी चांगली होती, पण त्यांच्या गाडीपुढे कमी पडायची. म्हणून मी भंगारातून ट्रकचा टर्बो उचलून आणला आणि गौतमपुढे ठेवला. तो पोट धरून हसला. "शेठ, हा लय मोठा हाय. परभणीत पाय दाबलास तर सोनपेठला जागा होईल."

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. माझं इंजिन मुळातच हवा-पेट्रोल फार घट्ट दाबणारं. त्यात प्रमाणाबाहेर कोंबलं तर पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपोआप पेटतं आणि पिस्टन फुटतो. गौतमनं लहान टर्बो शोधला, तापलेली हवा निववायला पुढे जाळी बसवली, पेट्रोल वाढवलं, ठिणगी जराशी उशिरा पडेल असं केलं. हिवाळा त्यातच गेला. पण दाब किती ठेवायचा, हे सांगेना. बाकीचे सकाळच्या गारव्यात गाडी पळवून दाखवतात, हा मे महिन्यातल्या दुपारची वाट बघत बसला. आपल्याकडच्या उन्हात टिकेल तेवढंच बळ खरं, असं त्याचं म्हणणं.

ती दुपार आली. त्यानं तांब्याच्या नळीचं ठोकून चपटं केलेलं टोक इंजिनाला बोल्टनं आवळलं, दुसऱ्या टोकाला डॉक्टरांच्या कानातली रबरी नळी जोडली आणि ती आत घेऊन माझ्या शेजारी बसला. मी गाडी दाबत होतो, तो डोळे मिटून ऐकत होता... तान्हं बाळ झोपलंय की जागं, याचा कानोसा घ्यावा तसा. थोड्या वेळानं म्हणाला, "पाच पौंड."

मी दहा म्हणालो. आठवर आलो, सातवर आलो. आयुष्यभर मी माणसं उतरवली आणि चढवली, हा पाचावरून हलेना. निदान मला ऐकू तरी दे, म्हणून मी नळी मागितली. तेव्हा चहावाल्यादेखत म्हणाला, "तुला तुझाच आवाज ऐकू येतो. तिचा काय ऐकणार?" आणि दाबाचा स्क्रू वेल्डिंगचा टाका मारून बंद केला. ते मला लागलं. त्यानंतर मी शेडकडे फिरकलोच नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर वहिनींनी ती नळी माझ्या हातात ठेवली. "ही तुमीच न्या. ते म्हणायचे, शेठला एक दिवस लागंल."

मी नांदेडला जाऊन टाका कापून घेतला आणि दाब सात केला. सकाळी गाडी अशी सुटली की मला गौतमची कीव आली. मग मालकांची वेळ साधून भर दुपारी झरीच्या रस्त्याला लागलो, नळी कानात घालूनच. तो चुकला, हे मला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. मालकांची गाडी दिसली. पाय दाबला. बरोबरीला आलो, त्यांचा पांढरा रुमाल काचेतून दिसला... आणि कानात तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज सुरू झाला. आधी एखादी, मग मूठभर. पेट्रोल ठिणगीआधीच पेटायला लागलं होतं. माझा पाय आपोआप उचलला गेला. मालक पुढे निघून गेले.

बाभळीखाली गाडी निवू दिली आणि मीच दाब उतरवायला लागलो. सहावर पुन्हा गाडी दाबून पाहिली. एखाददुसरी लाही अजून फुटत होती. पाचावर आणलं... आणि आवाज नाहीसा झाला. नुसती एकसंध घरघर, पाण्यावर तेल ठरावं तशी शांत. एवढ्याशा नळीवर, निव्वळ कानानं, या माणसानं बरोबर ती कड पकडली होती आणि तिच्या अलीकडे मला उभं केलं होतं. किती तरी वेळ मी गाडी नुसतीच चालू ठेवून ऐकत बसलो.

ती नळी आता माझ्या ऑफिसात, खुर्चीमागच्या खिळ्याला असते. त्यानं ती जिवंतपणी एकदा जरी माझ्या कानाला लावू दिली असती, तर भांडण त्याच दुपारी मिटलं असतं. म्हणून माझा राग अजून गेलेला नाही.

गाडी मात्र पाचावरच आहे.