आबांच्या रिपोर्टचं तारण

"रिपोर्टनुं तारण सारुं नथी, बेन," डॉक्टर मायला म्हणाले. रिपोर्ट माझ्या वडिलांचा, आबांचा होता.

गुजरातीत तारण म्हणजे निष्कर्ष. तपासणीतून जे निघालं ते. पण आमच्या मंडळीत, म्हणजे बमरोलीत एका खोलीत भरणाऱ्या आमच्या प्रार्थनासभेत, तारण म्हणजे पापातून आणि नरकातून सुटका. सुरतेत इतकी वर्षं राहूनही मायला तो दुसरा अर्थच ऐकू आला. ती माझा हात धरून म्हणाली, "डाक्टरले बी समजनं का रे? यासना तारण नही?"

मी समजावलं. कॉलेजला जाणारा घरातला पहिला मीच, त्यामुळे रिपोर्ट मीच समजावायचे. पण शब्द तिच्या मनात बसला तो बसलाच.

माझा आणि मायचा बाप्तिस्मा झाला आहे. आबांचा नव्हता, आणि आमच्यात त्याशिवाय तारण नाही असं मानतात. रविवारी ते आम्हाला सभेच्या दारापर्यंत सोडायचे आणि समोरच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, बसायचे. "तुम्ही दोन्ही स्वर्गमा जा," ते म्हणायचे, "मी चहा पी ऱ्हायनू."

आबा पलसाण्याच्या एका रंगाईच्या मिलमध्ये कामाला होते. लघवी लालसर झाली तेव्हा ते हसले. "आज लाल माल व्हता मिलमा, तोच पोटमा उतरना." आम्हीही हसलो. दुखत नव्हतं, म्हणून कोणी दवाखान्यात गेलं नाही. तुमच्या घरात असं झालं तर दुखण्याची वाट पाहू नका, एवढं मी हात जोडून सांगतो.

दवाखान्यात आधी सिस्टोस्कोपी झाली. म्हणजे कॅमेरा असलेली बारीक नळी लघवीच्या वाटेने मूत्राशयात घालून आतलं पाहतात. मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं. मग स्कॅन. स्कॅनमध्ये मेटास्टॅसिस निघालं, म्हणजे कॅन्सर मूत्राशयाबाहेर, हाडांपर्यंत पसरला होता. मी विचारलं, रंगामुळे झालं का? डॉक्टर म्हणाले, असू शकतं, नक्की सांगता येणार नाही.

स्कॅनच्या खोलीबाहेर बाकावर बसून मी पहिल्यांदा नरकाचा नीट विचार केला. त्याआधी विश्वास ठेवणं सोपं होतं, कारण तिथे माझ्या मनात सगळे अनोळखी लोक होते. आता तिथे आबा दिसायला लागले, मिलमधून आल्यावर निळ्या-लाल नखांनी भाकर मोडणारे. देव प्रेम आहे असं मी लहान मुलांच्या वर्गात शिकवत होतो. जो देव प्रेम आहे तो या माणसाला कायमचा जाळेल? असं विचारणंही पाप असेल, अशी भीती वाटायची. तरी विचार थांबत नव्हता.

मायच्या हट्टावरून आमच्या सभेचे पाळक, म्हणजे पास्टर, वॉर्डात आले. आबांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मायकडे पाहून म्हणाले, "बुडाडा मग माले. इन्हा जीव थंडा व्हई."

पण आमच्यात बाप्तिस्मा अख्खं शरीर पाण्यात बुडवूनच देतात. आबांना कॅथेटर होतं, म्हणजे लघवीसाठी बसवलेली नळी, आणि रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांनी पाण्यात बसवायला साफ नकार दिला. पाळक हळूच म्हणाले, "नळी निघाल्यावर घेऊ."

"म्हणजे देव नळी निंघानी वाट दखी?" आबांनी विचारलं.

शेजारच्या खाटेवरचे काका खो खो हसले. पाळक हसले नाहीत. त्यांनी आबांच्या पायांवर चादर सारखी केली.

पुढे पॅलिएटिव्ह केअर सुरू झाली. म्हणजे आजार बरा करायचा नाही, फक्त वेदना कमी करायच्या. माय उशाशी बसून सारखं म्हणायची, मनातल्या मनात तरी येशूचं नाव घ्या. आबा मान हलवायचे. ती मान नावासाठी होती की दुखण्यामुळे, ते मला कळलं नाही.

नळी निघाली नाही. आबा गेले.

बाप्तिस्मा नव्हता, म्हणून गावाकडून, अमळनेरहून आलेल्या माझ्या सख्ख्या काकांनी दफन न करता दहन ठरवलं. तिरडी उचलताना माय दारात आडवी आली. "त्यासले आगमा नका टाका रे!" बायांनी तिला बाजूला घेतलं. सगळ्यांना वाटलं, दुःखाने बोलते आहे. ती कुठल्या आगीबद्दल बोलत होती ते फक्त मला आणि पाळकांना कळलं. पाळकांनी खाली पाहिलं.

अग्नी मी दिला.

घरी आलो तर माय भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, "तू शिकेल शे, खरं सांग. अजून जळी ऱ्हायनात का तुन्हा आबा?"

एवढे दिवस मी बायबल वाचत होतो, स्वतःलाच विचारत होतो, आणि माझ्याकडे काहीच पक्कं नव्हतं. आजही नाही. तरी मी म्हणालो, "नही माय. इझनी आग."

"खरंच?"

"खरंच."

आग विझली, हे मी कोणाला न विचारता देवाच्या वतीने बोललो. चुकलं असेल तर त्याने मला विचारावं, मायला नको.

मायने पाणी मागितलं. सकाळपासून तिने काहीच घेतलं नव्हतं. पूर्ण तांब्या ती प्यायली. त्यासाठी मी देवाचे आभार मानले. बाकी कशासाठी मानणं मला अजून जमत नाही.