बझर गप्प होता

रोह्याच्या कंपनीत मी कॉम्प्युटर बघायचे, म्हणजे प्रिंटरची शाई संपली तरी मला बोलावणं यायचं आणि पंखा बंद पडला तरी मलाच. दोन हजार साल उजाडलं की सगळी यंत्रं वेड्यासारखी वागणार, या धसक्याने साहेबांनी मला सी प्लस प्लस भाषेचा नवा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करून देणारं साधन, घेऊन दिला होता आणि जुने प्रोग्रॅम तपासायला बसवलं होतं. सगळ्यांचा डोळा तारखांवर होता. बिघडत होतं ते दुसरंच.

माझा थोरला भाऊ त्याच कंपनीत ऑपरेटर होता. आम्ही दोघं शेजारच्या वरसे गावात भाड्याच्या खोलीत राहायचो. आईवडील पेणच्या खाडीकाठी, मिठागरावर. दादाचं काम टाक्यांपाशी. हवेत वायू किती आहे ते मोजणारं यंत्र प्रत्येक टाकीजवळ होतं. मर्यादा ओलांडली की कंट्रोल रूममध्ये बझर कोकलायचा आणि स्क्रीनवर त्या टाकीचा संदेश यायचा : अमुक टाकी, अमुक जागा, ताबडतोब खाली या. तो वाचून कंट्रोल रूममधलं कुणीतरी टाकीवर चढलेल्याला खाली बोलवायला धावायचं. मर्यादा ओलांडली नाही तर बझर नाही आणि संदेशही नाही. हा प्रोग्रॅम मी यायच्या आधी कुणीतरी सी भाषेत लिहिला होता आणि तो गृहस्थ नोकरी सोडून कधीच निघून गेला होता.

त्या वर्षी खंडेनवमीला कंट्रोल रूममध्ये पूजा झाली. कॉम्प्युटरला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढ्यात नारळ. आपण वाणसामानाची यादी करतानाही आधी श्री लिहितो, मग टाक्यांच्या संदेशांनी काय घोडं मारलं होतं? दादाने संदेशांची फाइल उघडली आणि एकेका बोटाने, प्रत्येक ओळीच्या आधी, इंग्रजी अक्षरांत 'श्री' टाइप केलं. साहेब शेजारी हात जोडून उभे होते. मग पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला, तेव्हापासून दादाच्या टाकीचा बझर गप्प झाला. एरवी तो वरचेवर ओरडायचा आणि लोक वैतागायचे. "बघितलंस? देवाच्या नावात ताकद हाय," दादा म्हणाला. सगळे खूश. मला मात्र ती शांतता आवडली नाही. उधाणाचं पाणी बांधावर आपटायचं थांबलं तर ते ओसरलं असं धरून चालायचं नाही, आत शिरायला वाट सापडली का ते आधी बघायचं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा दादा खोकत होता. आईने सगळा दोष चकलीवर टाकला. "या वेळचं तेलच वायट हाय गो. त्यानंच घसा धरला त्याचा." वडील आम्हाला बांधावर घेऊन गेले. बांधाला खेकड्याने बीळ पाडलं होतं, माझी मूठ जाईल एवढं. त्यात चिखल कोंबत ते म्हणाले, "बांध उधाणानं फुटत नाय, बिलानं फुटतो. उधाण नुसतं निमित्त." असा बांध फुटला, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत खांड पडली, की खारं पाणी शेजाऱ्याच्या भातात शिरतं. शेजाऱ्याला ते लगेच कळत नाही. रोपं पिवळी पडायला लागली की कळतं.

परतताना आमची गाडी निडी स्टेशनात बराच वेळ थांबली होती. दादा खिडकीशी बसून खोकत होता, आणि मी उगाच खोकल्यांमधलं अंतर मोजत होते.

मग एके दिवशी सकाळी वीज गेली आणि कंट्रोल रूमचा कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायला मला बोलावलं. प्रोग्रॅम सुरू होताना सगळे संदेश एकदा स्क्रीनवरून सरकत, प्रत्येकासमोर त्याची मर्यादा. दादाच्या टाकीसमोर भलामोठा आकडा होता. एवढा वायू साऱ्या रोह्याच्या हवेतसुद्धा मावला नसता.

जागेवर येऊन मी जुना प्रोग्रॅम उघडला आणि मला ती खांड दिसली. जुन्या सी भाषेत मजकुरासाठी जागा आधीच आखून ठेवावी लागते, इतकी अक्षरं म्हणजे इतकीच. मजकूर त्याहून लांब निघाला तर भाषा अडवत नाही, ओरडत नाही, उरलेली अक्षरं मुकाट्याने शेजारच्या जागेत ओतते. इथे संदेशाच्या शेजारी राहत होती मर्यादा. ती आधी भरली जायची, संदेश नंतर. दादाच्या टाकीचं नाव सगळ्यांत लांब. आधीच काठोकाठ भरलेल्या त्या ओळीला पुढून श्री लागलं आणि शेपूट मर्यादेवर सांडलं. यंत्राच्या पोटात अक्षरंही आकडेच असतात. त्या अक्षरांचा मिळून झाला तो अचाट आकडा, आणि त्याच्यापर्यंत हवेतला वायू कधीच पोचणार नव्हता. दादा मेला असता तरी बझर वाजला नसता.

मी धावत साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, चालत्या गाडीला कशाला खीळ घालता? ते श्री काढून टाका, झालं." एवढं बोलून ते मीटिंगला गेले. कंट्रोल रूममध्ये सकाळच्या शिफ्टचे वयस्कर ऑपरेटर होते. ते खुर्चीतून उठून बाजूला झाले. "तुमी पुसा. आमी नाय देवाचं नाव पुसनार. टाक्यांवर आमाला चढायचंय, तुमाला नाय." मी कर्सर त्या अक्षरांवर नेला. खरं सांगते, माझंही बोट रेटेना. शिवाय पुसलं तरी काय? पुढच्या दसऱ्याला कुणीतरी पुन्हा लिहिणारच होतं. आणि ते चूक तरी कुठे होतं? देवाचं नाव मावत नसेल तर जागा वाढवायला हवी.

नव्या कंपायलरच्या स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे सोबत येणाऱ्या तयार साहित्यात, मजकूर ठेवायला स्ट्रिंग नावाचा क्लास होता. जागा आखून द्यायला नको, अक्षरं मोजायला नकोत. एका मजकुराला दुसरा नुसत्या अधिकच्या चिन्हाने जोडायचा, की तो आपला बांध आपणच लांबवतो आणि शेजाऱ्याच्या शेतात पाय ठेवत नाही. तोवर मी तो फक्त गंमत म्हणून वापरून बघितला होता. त्या दिवशी मी जेवायलाही उठले नाही. जिथे जिथे आखीव जागा होती तिथे स्ट्रिंग घातली, जिथे आंधळेपणाने नक्कल होत होती तिथे साधं बरोबरचं चिन्ह. कंपायलर चुका दाखवत होता आणि मी त्याला शिव्या घालत होते.

दुपारची शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दादा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "दादा, आज टाकीवर चढू नकोस. तुझा बझर मेलाय."

"अगो, बझर गप हाय म्हणजे हवा बरी हाय," तो हसला. हसता हसता त्याला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. मग रुमालाने तोंड पुसून, डबा घेऊन तो गेला. मला त्याचा असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

प्रोग्रॅम तयार झाला. फ्लॉपी घेऊन मी कंट्रोल रूममध्ये पोचले तेव्हा साहेब आले होते. दादा वर गेला होता. मी जुना प्रोग्रॅम थांबवला, नवा चढवला, एंटर दाबलं. संदेश सरकायला लागले, सगळे श्रीसकट, कुणाचं शेपूट तुटलेलं नाही. दादाच्या टाकीसमोर मर्यादेचा खरा, छोटासा आकडा आला.

आणि लगेच बझर कोकलला.

"बिघडवलंत!" साहेब ओरडले. "सुरू केल्या केल्या वाजतंय. बंद करा ते." कुणीतरी स्विचकडे हात नेला. मी तो हात धरला. स्क्रीनवर दादाच्या टाकीची ओळ होती, श्रीपासून शेवटच्या अक्षरापर्यंत पुरी : ताबडतोब खाली या.

नव्या प्रोग्रॅममध्ये काहीही बिघडलं नव्हतं. वायू आत्ता वाढलेला नव्हता. तो आधीपासून होता, पण खंडेनवमीनंतर इशारा मिळेना आणि दादा रोज त्यात उभा राहून काम करत होता, रोज त्यातच बसून डबा खात होता. आईच्या चकलीचा काही दोष नव्हता.

मी टाकीखाली जाऊन घसा फुटेस्तोवर ओरडले. दादाने वरून कानाला हात लावला. "काय गो?" त्याला ऐकू येत नव्हतं. मी दोन्ही हातांनी खाली ये, खाली ये करत राहिले. तो डबा गुंडाळून, सावकाश, एकेक पायरी उतरला.

टाकीचा गळका जॉइंट बदलेपर्यंत बझर थांबला नाही. श्री आहे तिथेच राहिलं. साहेबांनी माझं कौतुकही केलं, आणि ते मला आजतागायत कडू लागतं. दादाची छाती मात्र पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. आता तो गावी असतो, बांधावर जायलाही त्याला दम लागतो. त्याचा फोन येतो तेव्हा आधी खोकला ऐकू येतो, मग तो बोलतो. तेवढा वेळ मी फोन कानाला धरून खोकल्यांमधलं अंतर मोजते.