माळेच्या घरातला मासा

सरिताताईंच्या घरी अंड्याचा केकसुद्धा उंबरा ओलांडत नाही, हे इंदिरानगरातल्या त्यांच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी हर्षाली पुण्याहून आली की बिचारी आपला केक शेजाऱ्यांकडे बसून खायची. आईवडील दोघंही माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दारात तुळस, आणि कोणी हॉटेलात जेवायला बोलावलं तर देवराम आधी विचारणार, "शुद्ध शाकाहारी आहे ना?" असं विचारताना त्यांचा चेहरा असा काही पवित्र व्हायचा की विचारता सोय नाही.

आता गंमत बघा, सरिताताई जन्माच्या मासेखाऊ. माहेर नांदूरमध्यमेश्वरच्या धरणाकाठी. घरची शेती कांद्याची, पण वडिलांना जाळ्याचा नाद, आणि वाम असो की मरळ, साफ करायला ही धाकटी सरू बसली की तिची आई भिमाबाई निश्चिंत असायची. लग्न होऊन नाशकात आल्या आणि सासूबाई चतुराबाईंनी पहिल्याच एकादशीला सुनेच्या गळ्यात माळ घातली. "आमच्यात चालत नाय हे. माझ्या देवरामनं पोरवयात माळ घातली, आजवर वास घेतला नाय त्यानं."

सरिताताईंनी हूं की चूं केलं नाही. नवरा पाळतो, मग आपणही पाळू, इतका साधा विचार. सुरुवातीची काही वर्षं शेजारून मासे तळल्याचा वास आला की त्या खिडकी लावून घ्यायच्या आणि कोरडी भाकरी चावत बसायच्या. पुढे सवय झाली. माहेरी गेल्या तरी त्यांचं ताट वेगळं, चूल वेगळी. भावजय तोंडावर हसायची, ते त्यांनी गिळलं. नवऱ्याचा त्यांना अभिमान होता, आणि त्या अभिमानावर त्यांचे सगळे दिवस गेले.

मग या वर्षी देवरामांच्या छातीत कळ आली. द्वारका चौकाजवळ त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, तिथूनच त्यांना दवाखान्यात नेलं. एक रक्तवाहिनी तुंबली होती, स्टेंट टाकला, जीव वाचला. घरी सोडायच्या दिवशी पथ्य सांगायला एक तरुण मुलगी आली. "काका, काय काय खाता ते खरं सांगा. लपवलंत तर नुकसान तुमचंच."

देवराम मरणाच्या दारातून आलेले. घाबरून बोलून गेले, "बुधवारी आणि शुक्रवारी सुरमई. तळलेली. कधी कोळंबीचा रस्सा. दुकानाजवळ खानावळ आहे."

सरिताताई हसल्या. "अहो, औषधाची गुंगी आहे त्यांना. आम्ही माळकरी आहोत."  देवराम भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तेव्हा सरिताताईंचं हसू तोंडावरच राहिलं.

त्या मुलीला कशाचा पत्ता नाही. ती आनंदाने सांगत सुटली, "मासे बंद नाही करायचे, काका. तळण बंद. वाफवून खा, तव्यावर चमचाभर तेलात भाजून खा, नाहीतर पातळ कालवण. काकू, अगदी सोपं असतं, सांगू का तुम्हाला कसं करायचं?" वाम डोळे मिटून सोलणाऱ्या बाईला ती मासे शिकवायला निघाली होती. सरिताताईंनी मान हलवली आणि निमूट ऐकून घेतलं.

रिक्षात देवरामांनी खुलासा केला. "माळ घालून कधी खाल्लं नाही गं. आधी काढायचो, खिशात ठेवायचो. हात धुतले की परत घालायचो." वा रे नियम! जणू विठ्ठल खिशात डोकावत नाही. सरिताताई बाहेर बघत राहिल्या. किती वर्षांपासून, हे त्यांनी विचारलं नाही आणि देवरामांनी सांगितलं नाही. पण माणूस लग्नाआधीपासून खात होता, हे त्याच्या निर्ढावलेपणावरून कळत होतं.

काही दिवस घरात कामापुरतं बोलणं चाललं. मग एका सकाळी देवरामांनी घसा खाकरला. "त्या मुलीनं सांगितलंय तर... आठवड्यातून दोनदा..."

"शिकवते," सरिताताई म्हणाल्या. "करायचं मात्र तुम्ही. गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर. माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही."

देवराम बाजारातून रोहू घेऊन आले. खाण्यात पटाईत, निवडण्यात ठार अडाणी. सरिताताईंनी दारातूनच पाहिलं. "कल्ला तपकिरी पडलाय. परत द्या. कल्ला लाल हवा, आणि बोटाने दाबलं की खड्डा भरून यायला हवा." देवराम मुकाट्याने गेले आणि ताजा मासा कापून, खवले काढून घेऊन आले.

सरिताताई गॅलरीच्या दारात उभ्या राहिल्या. मीठ, हळद, लिंबू चोळा. थोडा वेळ राहू द्या. आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर वाटा, पाणी कमी घाला. तुकड्यांना लावा. डब्याला तेलाचं बोट फिरवा, तेवढंच तेल. खाली पाणी उकळू द्या, मग डबा ठेवा, झाकण लावा. सारखं उघडून बघू नका.

देवराम घामाघूम झाले होते, पण खूश होते. वास सुटला तसे ते सैलावले. "इतकं सोपं असतं होय? आणि तू तर काहीच विसरली नाहीस गं!"

सरिताताईंच्या आत इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर आलं.

"आई शेवटची आजारी होती," त्या म्हणाल्या, "तेव्हा तिनं एकच मागितलं होतं. सरूच्या हातचं वामीचं कालवण, अन् सरूनंच घास भरवायचा. मी तुम्हाला फोन केला. विचारलं, एक दिवस माळ काढून ठेवू का? तुम्ही काय म्हणालात?"

देवरामांनी शेगडीची आच कमी केली.

"म्हणालात, माळ म्हणजे काय खुंटीवरचा सदरा आहे का, हवा तेव्हा काढायला? मी नाही शिवले कालवणाला. वहिनीनं केलं. आईनं एक घास तोंडात घेतला अन् म्हणाली, 'ह्यो सरूचा हात नाय.' वाटी सरकवली. चौथ्या दिवशी गेली." त्यांनी देवरामांकडे रोखून पाहिलं. "फोन केला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

खोटं बोलायचं बळ देवरामांमध्ये उरलं नव्हतं. "खानावळीत. ताट समोर आलं होतं."

"माळ?"

"खिशात."

 डब्यातली वाफ झाकणाखालून फुसफुसत होती.

"गॅस बंद करा," सरिताताई म्हणाल्या. "जास्त शिजला की मासा चिवट होतो. शुक्रवारी कालवण शिकवते, तुमचं पथ्य मी मोडणार नाही. पण यापुढे माझ्या ताटाला ताट लावून जेवायला बसू नका." आणि त्या आत निघून गेल्या.