तपकिरी पेशींची मोजणी

पडदा उघडतो तो इस्पितळाच्या तळघरात. खिडकी नाही, बाहेर स्वीडनचा फेब्रुवारी आहे की जुलै, कळायला मार्ग नाही. रंगमंचाच्या मध्यभागी सूक्ष्मदर्शक, त्यावर झुकलेली गुनेल ओर्स्त्रम, वय बासष्ट. प्रेक्षक एकही नाही. तिला तेच आवडायचं.

तीस वर्षं तिनं मूत्रपिंडाच्या गाठींचे पातळ काप काचेवर चढवले, रंगवले, मोजले. कर्करोगाच्या काही पेशी भारी चलाख. अंगावर एक रेणू मिरवतात आणि शरीराचे पहारेकरी, फुकट पास पाहिलेल्या द्वारपालासारखे, अदबीनं बाजूला होतात. तो रेणू असला की रंगवलेली पेशी तपकिरी दिसते. तपकिरी पेशी जितक्या जास्त, तितके रोग्याचे दिवस कमी, असं गुनेलच्याच मोजणीवरून डॉक्टरांनी छापलं होतं. तिनं रोगी कधी पाहिला नव्हता. रोगी म्हणजे काचेवरचा नंबर.

मग तिचंच डावं मूत्रपिंड काढावं लागलं. छातीतही दोन ठिपके निघाले. सहा आठवड्यांनी बाई कामावर परतल्या, तर समोरच्या ट्रेमध्ये त्यांचाच नंबर! नियमानं ती काच दुसऱ्याकडे सरकवायची. गुनेलनं आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि मोजली. शंभरात सत्तर तपकिरी.

मागे राहणाऱ्यांना ताप नको म्हणून हातपाय धड आहेत तोवर घर आवरून ठेवायची इकडे रीतच आहे. लोक त्याला वर्षं लावतात; गुनेलनं पंधरा दिवसांत उरकलं. स्की वाटल्या, कॉफीचे कप वाटले, होडी नणंदेला दिली.

"अगं, तू मेली नाहीयेस अजून!" नणंद सिव कळवळून म्हणाली.

"म्हणूनच तर देतेय. मेल्यावर तुझ्या दारात कोण वल्हवत आणणार?"

डॉक्टर तोर्डनं नवं औषध सुचवलं. पेशींचा तो पासच रद्द करणारं.

"माझ्यावर वाया घालवू नकोस रे. काच पाहिलीय मी."

तोर्डनं नियमाची आठवण करून दिली नाही. वादही घातला नाही. नुसता उसासा टाकला. "बरं. मग या औषधाच्या अभ्यासात तुझ्या नंबरासमोर 'परिणाम' हा रकाना रिकामा राहील."

रिकामा रकाना! त्यापायी या बाईनं तीन प्राध्यापकांना भर बैठकीत झाडलं होतं. मरणाला ती तयार होती. अपुऱ्या तक्त्याला नव्हती.

"सुई कधी टोचायची?" तिनं विचारलं.

दर तीन आठवड्यांनी ती सलाईनखाली अशी बसायची, जणू कचेरीत शिक्क्यासाठी खोळंबलीय. अंगाला खाज सुटली. कॉफीची चव गेली; तेवढ्यावर मात्र ती एकदा रडली.

तीन महिन्यांनी तोर्डनं छातीचं चित्र पडद्यावर लावलं. त्याला हसू आवरेना.

"दोन्ही ठिपके निम्म्यावर आलेत, गुनेल! आणि बरं का, तुझ्यासारख्या गडद काचांनाच हे औषध कधीकधी जास्त लागू पडतं. छापलं होतं आम्ही. मोजणी तुझीच होती."

"छापलेलं मी वाचत नाही. मी मोजते."

"अगं, पण आनंद तरी दाखव!"

गुनेल उठली. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. पडद्याला नाक लागेल इतकी वाकली. मग आवाज आला, तिच्या मानानं फारच बारीक.

"हे माझंच आहे ना? नंबर परत वाच बघू. सावकाश."