येस मॅडम

बाईंनी माझ्या हातात चहाचा ट्रे दिला आणि म्हणाल्या, "आता म्हण."

समोर खुर्चीवर छावणीतल्या साहेबाची गोरी मडम. शिबिराचा शेवटचा दिवस. मी म्हटलं, "टी इज रेडी, मॅडम."

टाळ्या पडल्या. मडम बाईंकडे वळून इंग्रजीत म्हणाली, किती स्वच्छ आहे ही! यांच्यातल्या सगळ्या अशा असतात?

"नो, मॅडम," बाई हसल्या. "आय ट्रेन्ड हर."

त्यांना वाटलं, मला कळणार नाही. बोलता येत नसलं तरी ऐकून ऐकून मला शब्दन् शब्द कळला.

माझी आई रोज पहाटे मला दगडानं घासून आंघोळ घालायची. आणि स्वच्छ मला बाईंनी केलं होतं!

ह्याच बाई चैतात केडगावला आमच्या महारवाड्यात आल्या होत्या. बामणाची बाई. आमच्या मडक्यातलं पाणी आमच्याच तांब्यानं प्याल्या. आईला म्हणाल्या, "सुट्टीत नगरला माझ्या इंग्रजीच्या शिबिरात पाठवा हिला. इंग्रजी बोलायला लागली की मास्तरीण होईल." आई त्या तांब्याकडं बघतच राहिली. मी शाळाभर सांगत सुटले, बाई आमच्यात पाणी प्याल्या.

महिनाभर उन्हातून चालत गेले. शिबिरात वर्ग दोन. वकील-मास्तरांच्या मुली आत, पंख्याखाली. आम्ही पाचजणी व्हरांड्यात. आतून ऐकू यायचं, "आय थिंक", "आय डोन्ट अ‍ॅग्री". आमची वाक्यं वेगळी. "येस, मॅडम." "द बाथ इज रेडी." "डू नॉट क्राय, बाबा."

एकदा विचारलं, "बाई, आम्हाला आतलं कधी शिकवणार?"

"आधी पाया पक्का होऊ दे."

मी विश्वास ठेवला. घरी चुलीपाशी बसून पाया पक्का करत राहिले. येस मॅडम. येस मॅडम. आईला वाटायचं, पोरगी पुस्तक म्हणतेय.

मडमनं कप उचलला तशा बाई हळूच म्हणाल्या, "सोमवारपासून हिच्या बंगल्यावर जायचं. मूल सांभाळायला. मी शब्द दिलाय."

"तुम्ही मास्तरीण म्हणाला होतात."

"अगं, तुमच्यात एवढं तरी कुणाला मिळतं?"

तुमच्यात. त्या आमच्या घरात पाणी प्याल्या, तरी मी 'तुमच्यात'च राहिले.

आम्हाला नाही म्हणायला शिकवलंच नव्हतं. रडणाऱ्या बाळाला सांगायच्या वाक्यातला 'नॉट' तेवढा तोंडात बसला होता. तोच उचलला. ट्रे खाली ठेवला आणि मडमच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "आय नॉट कम."

चुकलं होतं. पण तिला कळलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला.

"उपकाराची जाण नाही," त्या म्हणाल्या. मराठीत.

घरी आईनं कपाळावर हात मारला. "एवढ्या मोठ्या बाईला न्हाई म्हनलीस? उद्या जा, पाया पड तिच्या."

"न्हाई पडणार."

आईनं मारलं. लई मारलं. मी गेले नाही.

मॅट्रिक दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा इंग्रजीत. तिसऱ्यांदा सुटले. पुढं वर्गावर उभी राहिले, इंग्रजीच शिकवलं.

बाई गेल्या तेव्हा लोक म्हणाले, देवमाणूस. आपल्या वस्तीत येऊन पाणी प्यायची. खरं आहे. वाईट नव्हत्याच त्या. वाईट माणसानं फसवलं असतं तर एव्हाना विसरलेही असते.

त्यांच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी गेले नाही. पुढच्या वर्षी स्मृतिदिनाला बोलावतील, तेव्हाही जाणार नाही.