टूवुम्बा साडेचार तास पुढे

नागपूर आणि ऑस्ट्रेलियातलं टूवुम्बा यांच्यात साडेचार तासांचं अंतर आहे, असा जगाचा समज आहे. आमच्या घरापुरतं ते नेमकं किती, हे अजून कुणाला मोजता आलेलं नाही.

आमचा मुलगा निखिल तिथे नोकरीला असतो. त्या गावात म्हणे संध्याकाळी पाचला दुकानं बंद होतात आणि साडेसहाला माणसं जेवून मोकळी! आमच्या नागपूरच्या हुडकेश्वरात साडेसहाला दुपारचा चहा होतो. इथे पाहुणे बाराला हवे असतील, तर साडेदहा सांगायचे. सांगणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि सगळं सुरळीत चालतं.

तर निखिलनं तिथलीच एक मुलगी पसंत केली. तिचे आईवडील मूळचे विदर्भातले, वीस वर्षांपासून टूवुम्बात. वडिलांची अट एकच, आधी मुलाच्या घरच्यांना व्हिडिओवर भेटणार, मग होकार.

"बाबा, ते टाइमाचे लय पक्के आहेत," निखिल फोनवर म्हणाला. "रविवारी आपल्या साडेबाराले. लफडा करू नका!"

पोरगा तेहतीस वर्षांचा, आणि आवाज दहावीच्या निकालाच्या दिवशीसारखा.

साडेबाराला सगळे हवेत म्हणून मी नातेवाइकांना अकरा सांगितले. नरखेडला संत्र्याची बाग असलेल्या मोठ्या दादांनी (म्हणजे माझ्या थोरल्या भावानं) आपल्या घरच्यांना नऊ सांगितले. बाकीच्यांनीही आपापल्या घरी तेच केलं. परिणाम असा, की रविवारी साडेदहाला बाराच्या बारा माणसं आमच्या बैठकीत हजर!

"काय गा लहान्या, सोयरे कुठी हायेत?" दादांनी विचारलं.

"साडेबाराले दिसतील."

"मंग आमाले आत्ताच काहून बलावलं?"

"तुमी कधी टाइमावर येता का, दादा?"

"आता आलो ना! जेवाले वाढ."

मे महिना. आमरस, पाटवडीचा रस्सा, वर दोन कूलर. बायको आग्रहानं वाढत होती आणि मी आग्रहाला बळी पडत होतो.

साडेबाराला टीव्हीपुढे टॅबलेट उभा केला, लिंक उघडली. समोर कुणीच नाही! पाऊण झाला, एक झाला.

"हे का टाइमाचे पक्के?" मी हसलो. "आपल्यापेक्षा ढिल्ले!"

"अवो, निखिलले फोन लावा ना," बायको म्हणाली.

"लावला. उचलून नाही राहिला."

"मंग?"

"मंग काय? बसू टेकून."

टेकायला नको होतं.

मला जाग आली ती कुणाच्या तरी खोकल्यानं. टॅबलेटमध्ये स्वेटर घातलेली चार माणसं बसली होती. मुलगी, तिचे आईवडील आणि पांढराफटक पडलेला निखिल. भेट मुळात आपल्या दीडचीच होती. निखिलनं (बापाला ओळखून!) मला तासभर आधीची वेळ सांगितली होती. आता दोनला दहा कमी होते. म्हणजे ते लोक गेली वीस मिनिटं आम्हाला पाहत होते! दादा सतरंजीवर आडवे, बायको खुर्चीत कलंडलेली, बाकीचे जागा मिळेल तिथे. मधोमध सोफ्यावर मी, तोंड उघडं, सदऱ्यावर आमरस. माइक चालू.

मी हात जोडले. लाजेनं घाम फुटला होता. "चूक माझी हाय. पोराले यात धरू नका. तो माझ्यावर गेला नाही."

मुलीच्या वडिलांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"कोणाले उठवू नका," ते हळूच म्हणाले. "वीस वर्षं झाली गा भाऊ, जेवल्यावर असं लवंडलेलं घर पाह्यलं नाही. इथं सोयऱ्यांकडेही घड्याळ पाहून जा लागते. आमचा होकार समजा."

"मंग झोपू का आता?" दादांनी डोळे न उघडता विचारलं.

लग्न डिसेंबरात आहे, नागपुरातच. व्याह्यांनी माझ्यासाठी पत्रिका वेगळी छापून घेतली. सगळ्यांच्या पत्रिकेत मुहूर्त अकराचा, माझ्या एकट्याच्या पत्रिकेत साडेनऊचा. दादांची पत्रिका मी पाहिली आहे, हे व्याह्यांना माहीत नाही. त्यामुळे मी निवांत आहे. साडेदहाला अंघोळीला जाईन म्हणतो. मुलाचंच तर लग्न आहे!